आधी वाच, मग ओवाळ

या आठवड्याचं पत्र नैरोबीहून आलं आहे. थोडं आवरून देते.

‘ताई, नमस्कार. मी मूळची सांगलीची. नवऱ्याच्या नोकरीमुळे चार वर्षं झाली, आम्ही नैरोबीत राहतो. इथल्या आमच्या मराठी मंडळींचा दरवर्षी महिला दिनाचा कार्यक्रम असतो. हळदीकुंकू, पाककृती स्पर्धा, एखादं भाषण. यंदा मी सुचवलं, आफ्रिकेत ब्लॉग लिहिणाऱ्या बायकांवर कार्यक्रम करू या. समितीतल्या एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, “आपल्या लेखिका संपल्या का? त्यांच्या बायकांचं कौतुक त्या करतील.” दुसऱ्या म्हणाल्या, “कर, पण जरा प्रेरणादायी कर. गरिबी, संघर्ष, असं.” मला दोन्ही पटलं नाही, पण उत्तरही सुचलं नाही. पंधरा देश, पंधरा बायका, पंधरा स्लाइड असा आराखडा केलाय, तो वाचताना मलाच कंटाळा येतो. आमच्याच इमारतीत एक केनियन बाई राहतात, त्या ब्लॉग लिहितात. त्यांना बोलवावं, की त्या अवघडतील? आणि शेवटचं. वर्षभर मी स्वतः मराठीत काहीबाही लिहून मोबाइलमध्ये ठेवलंय. नाव घालून लोकांपुढे ठेवायचा धीर होत नाही. सासरचे वाचतील, नवऱ्याच्या ऑफिसातले वाचतील. तुमच्या मुलीच्या वयाची आहे मी, अगं-तुगं करा. — एक वाचक.’

अगं, आधी त्या ज्येष्ठ बाईंवर रागावू नकोस. परमुलखात मराठी टिकते ती अशाच बायकांमुळे. हॉल बुक करायचा, तिळगूळ कुठून मागवायचा ते बघायचं, मुलांकडून गणपतीची आरती पाठ करून घ्यायची, हे सगळं कोणीतरी वर्षानुवर्षं केलेलं असतं. वर्षातला एक दिवस आपल्या माणसांसाठी राहावा असं त्यांना वाटलं, तर त्यात वावगं काही नाही.

पण ‘त्यांच्या बायका’ हे शब्द नैरोबीत बसून म्हणता येत नाहीत. २०१७ च्या जुलैमध्ये केनिया सरकारनं भारतीय उपखंडातून येऊन तिथं वसलेल्या आपल्या नागरिकांना देशातली चव्वेचाळिसावी जमात म्हणून मान्यता दिली. तुमच्या मंडळात चार वर्षांपूर्वी आलेली तू असशील, तशा तिथंच जन्मलेल्या, तिथंच म्हाताऱ्या झालेल्याही असतील. आणि भाषेचं म्हणशील, तर तू रोज बाजारात बोलतेस ती स्वाहिली ऐक की! दुकानाला डुका, गाडीला गारी, हिशेबाला हेसाबू, विम्याला बिमा, आंब्याला एम्बे. आपली कोशिंबीर तिथं कचुंबरी होऊन पानात बसली आहे. इतके शब्द ज्या दोन माणसांत सारखे आहेत, त्यांना आपली आणि त्यांची असं वेगळं कसं काढणार?

आता तुझ्या पंधरा स्लाइड. त्या पुसून टाक. मी हे उगाच सांगत नाही, मी स्वतः हे करून चुकले आहे.

काही वर्षांपूर्वी एका वाचनालयात मी ट्युनिशियाच्या लीना बेन म्हेन्नीवर बोलले होते. चांगली तासभर. तिचं आजारपण सांगितलं, आईनं तिला दिलेलं मूत्रपिंड सांगितलं, तिला येणाऱ्या जिवे मारण्याच्या धमक्या सांगितल्या, छत्तिसाव्या वर्षी आलेला मृत्यू सांगितला. दोघीतिघींनी डोळे पुसले. मला वाटलं, चांगलं झालं भाषण. मग मागच्या बाकावरच्या, अकरावीतल्या एका मुलीनं हात वर केला आणि विचारलं, ‘पण ती लिहायची काय?’

मला सांगता आलं नाही. तिच्याविषयी जे छापून आलं होतं ते मी सगळं वाचलं होतं, पण तिचं लिखाण मी वाचलं नव्हतं. ज्या बाईनं आयुष्यभर लिहिलं, तिचं कौतुक मी तिचं एक पानही न वाचता करत होते. त्या रात्री घरी आल्यावर मी तिच्या ब्लॉगवर बसले. अरबी मला येत नाही, पण ती फ्रेंच आणि इंग्रजीतही लिहायची, तेव्हा इंग्रजी जेवढं मिळालं तेवढं वाचत गेले. तेव्हापासून माझा एक नेम आहे. ज्या बाईचं लिखाण वाचलेलं नाही, तिला मी कार्यक्रमात ओवाळत नाही. तूही हा नेम पाळ. आफ्रिकेत चोपन्न देश आहेत, त्यातले पंधरा घेतलेस तरी एकोणचाळीस राहणारच. त्यापेक्षा तीनच जणी घे, पण त्यांचं लिखाण वाचून घे.

पहिली तुझ्याच गावची, ओरी ओकोलो. ‘केनियन पंडित’ या नावानं ती ब्लॉग लिहायची. शिकलेली वकील, हार्वर्डमधून २००५ मध्ये कायद्याची पदवी घेतलेली. केनियाच्या संसदेची एक वेबसाइट होती. त्यावर आपली माहिती आणि शिक्षण लोकांसमोर आलं म्हणून काही खासदारांनी कुरकुर केली आणि साइटच बंद झाली. तेव्हा ओरीनं कॉन्रॅड अकुंगा या सहकाऱ्याबरोबर २००६ मध्ये ‘म्झालेंडो’ सुरू केलं. स्वाहिलीत म्हणजे देशभक्त. कोण खासदार काय बोलला, त्यानं कोणता प्रश्न विचारला, कोणतं विधेयक आलं, याची घरबसल्या ठेवलेली वही. त्याला कोणाची परवानगी घेतली नव्हती की कोणाचं अनुदान घेतलं नव्हतं. बायकांना हे लगेच कळेल बघ. भिशीचा, किराणाचा, दुधाचा हिशेब ज्या रोज ठेवतात, त्यांना खासदारांच्या हेसाबूचं मोल समजावून सांगावं लागत नाही.

मग २००७ च्या २७ डिसेंबरला निवडणूक झाली. ३० तारखेला निकाल जाहीर झाला, त्यावर वाद पेटला, आणि त्याच संध्याकाळी थेट प्रक्षेपणावर सरकारनं बंदी घातली. टीव्ही लावला तर काही कळेना, आणि बाहेर माणसं मरत होती. पुढच्या दोन महिन्यांत अकराशेहून अधिक माणसं गेली, लाखो लोकांना घरदार सोडावं लागलं. ओरी तेव्हा जोहान्सबर्गला राहायची, मतदानासाठी नैरोबीत आली होती. लोक तिला काय घडतंय ते कळवत होते आणि ती ब्लॉगवर लिहीत होती. एकटीनं किती लिहिणार, आणि खरंखोटं किती तपासणार? जीव धोक्यात आहे हे दिसल्यावर ती जोहान्सबर्गला परतली, आणि २००८ च्या ३ जानेवारीला तिनं ब्लॉगवर साधी विचारणा टाकली: कुठे काय घडतंय हे गूगलच्या नकाशावर दाखवणारं काही बनवायला कोणी तंत्रज्ञ तयार आहे का?

बघ, ही घोषणा नव्हती, आवाहनही नव्हतं. शेजारच्या घरी ‘मिक्सर चालू आहे का गं तुझा’ म्हणून विचारावं, तसा प्रश्न. तो एरिक हर्समन आणि डेव्हिड कोबिया यांनी वाचला, ज्युलियाना रोटिच या दुसऱ्या ब्लॉगलेखिकेनं वाचला, आणखीही काही जण आले, आणि थोड्याच दिवसांत साइट उभी राहिली. लोकांनी मोबाइलवरून संदेश पाठवायचा, तो नकाशावर ठिपका होऊन दिसायचा. नाव ठेवलं ‘उशाहिदी’. स्वाहिलीत त्याचा अर्थ साक्ष. दोनच वर्षांनी, २०१० च्या जानेवारीत हैतीत भूकंप झाला, तेव्हा ढिगाऱ्याखालून मदत मागणाऱ्यांचे ठिपके याच साधनानं नकाशावर उमटले. केनियासाठी बनलेली गोष्ट समुद्रापलीकडे कामाला आली.

हे तू स्लाइडवर दाखवू नकोस. केनियाचा मोठा नकाशा आण, स्टेशनरीच्या दुकानात मिळतो तसला, आणि टिकल्यांची दोन पाकिटं आण. आपल्या कपाळावरच्याच टिकल्या. ते टिकल्यांचं काय करायचं हे शेवटी सांगते.

दुसरी घादा अब्देल आल. इजिप्तमध्ये महल्ला नावाचं कापडगिरण्यांचं शहर आहे, आपल्या इचलकरंजीसारखं. घादा तिथली औषधनिर्माती. २००६ मध्ये तिनं टोपणनावानं ब्लॉग सुरू केला. त्याचं नाव मराठीत सांगायचं तर ‘मला लग्न करायचंय’. तिकडे बैठकीच्या खोलीतलं लग्न असा शब्दच आहे. मुलगा आणि त्याची मंडळी येतात, बैठकीत बसतात, मुलगी पेयाचा ट्रे घेऊन येते, आणि सगळे तिच्याकडे बघतात. तुला पुढचं सांगायला नको. ट्रेमध्ये पोह्यांऐवजी सरबत असतं एवढाच काय तो फरक.

घादानं आलेल्या एकेका स्थळाची गोष्ट लिहायला घेतली. तिशी जवळ आलेल्या मुलीकडे शेजारीपाजारी कसं बघतात, आईचा धीर कसा सुटत जातो, मावशा-आत्या कुठून कुठून स्थळं काढून आणतात. मला तिची सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती तिची भाषा. तिनं ग्रांथिक अरबी वापरली नाही. घरात, दवाखान्यात, रिक्षात बोलतात ती इजिप्तची बोली तिनं जशीच्या तशी उतरवली. विद्वानांनी नाकं मुरडली. वाचणाऱ्या बायका मात्र हसून हसून बेजार झाल्या आणि एकमेकींना वाचून दाखवू लागल्या. २००८ मध्ये कैरोच्या एका मोठ्या प्रकाशनानं त्याचं पुस्तक केलं, आणि २०१० च्या रमजानात त्याची टीव्ही मालिका झाली. रमजानच्या महिन्यात रोजा सोडल्यावर अख्खं घर टीव्हीपुढे बसतं, त्या वेळेत हिची गोष्ट घराघरांत गेली.

कार्यक्रमात घादाचा एक प्रसंग दोघीतिघींनी मिळून वाचावा. एकीनं आई व्हावं, एकीनं येणारी पाहुणी. पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर आहे, त्यावरून तू मराठी करू शकशील. पण जाहीर वाचायच्या आधी लेखिकेला आणि प्रकाशकाला लिहून विचार. बाईचं लिखाण न विचारता उचलायचं आणि वर तिच्या कौतुकाचा कार्यक्रम करायचा, असं नको व्हायला.

तिसरी लीना. आता मला सांगता येतं ती काय लिहायची ते. ती ट्युनिसच्या विद्यापीठात शिकवायची आणि ‘ट्युनिशियन मुलगी’ अशा अर्थाच्या नावानं ब्लॉग चालवायची. तिथला हुकूमशहा बेन अली, त्याच्या राजवटीत नको ती वेबसाइट उघडली की ‘४०४, पान सापडत नाही’ असं यायचं. लोकांनी त्या न दिसणाऱ्या कात्रीवाल्याला ‘अम्मार ४०४’ असं माणसाचं नाव ठेवलं होतं. त्या अम्मारच्या नाकावर टिच्चून लीना स्वतःच्या नावानं आणि स्वतःच्या फोटोसकट लिहायची. २०१० च्या मे महिन्यात या सेन्सॉरविरुद्ध मोर्चा काढायची जी खटपट झाली, त्यात ती पुढे होती. डिसेंबरात सिदी बूझीदला फेरीवाल्या मोहम्मद बुअझीझीनं स्वतःला पेटवून घेतलं आणि देश ढवळून निघाला. सरकारी बातम्यांत काहीच येत नव्हतं, तेव्हा ही रगेबला गेली, कासरीनला गेली, पोलिसांच्या गोळ्यांनी मेलेल्यांच्या घरी आणि जखमींच्या इस्पितळात गेली, आणि तिथले फोटो तिनं जगापुढे ठेवले. १४ जानेवारी २०११ ला बेन अली देश सोडून पळाला.

तिच्याविषयीचे बहुतेक लेख इथंच थांबतात. माझंही भाषण इथंच थांबलं होतं. पण लीना त्यानंतर नऊ वर्षं लिहीत राहिली. क्रांतीत जखमी झालेल्यांना उपचार मिळत नाहीत, पोलीस अजून तसेच मारतात, हे ती नव्या सरकारांनाही सुनावत राहिली. तिचे वडील एके काळचे राजकीय कैदी. त्यांच्याबरोबर तिनं ट्युनिशियाच्या तुरुंगांतल्या वाचनालयांसाठी पुस्तकं गोळा केली. डोळ्यांपुढे आण हे, एक आजारी तरुण मुलगी आणि तिचे म्हातारे वडील, कैद्यांसाठी दारोदार जुनी पुस्तकं मागताहेत. मला तो गोळीबाराचा दिवस आणि हे पुस्तकांचे गठ्ठे, दोन्ही सारखेच मोलाचे वाटतात. २७ जानेवारी २०२० ला ती गेली. तिची शवपेटी बायकांनी खांद्यावर घेतली. तिकडेही खांदा द्यायचा तो पुरुषांनी, अशीच रीत आहे.

या तिघींवर तासभर जाईल, जाऊ दे.

आता दुसऱ्या बाईंचं, ‘संघर्ष आणि गरिबी’वालं. त्यांना मनापासून वाटतं की दुःख दाखवलं की लोकांना स्फूर्ती मिळते. पण याचं उत्तर युगांडाच्या रोझबेल कागुमिरेनं देऊन ठेवलं आहे. २०१२ च्या मार्चमध्ये एका अमेरिकी संस्थेचा व्हिडिओ जगभर पसरला. युगांडातल्या एका बंडखोर म्होरक्याला पकडा, तिथल्या मुलांना वाचवा, असा. कोट्यवधी लोकांनी तो पाहिला, रडले, पुढे पाठवला. रोझबेल पत्रकार, ब्लॉग लिहिणारी. तिनं कॅमेऱ्यापुढे बसून काही मिनिटांत आपलं म्हणणं मांडलं. तिच्या बोलण्याचा मथितार्थ असा, की मला असहाय आणि मुकी दाखवणार असाल, माझ्या हातातही काही बदलायची ताकद आहे यावर तुमचा विश्वास नसेल, तर माझी गोष्ट तुम्ही सांगू नका. त्या बाईंना हे वाद घालून सांगू नकोस, रोझबेलचा तो व्हिडिओच दाखव.

आणि कोण म्हणतं लिहिणाऱ्या सगळ्या बायका दुःखच लिहितात? नायजेरियाची ओझोझ सोको भूगर्भशास्त्रज्ञ. २००९ मध्ये नेदरलँड्समध्ये राहत असताना, घरच्या चवीची आठवण काढत तिनं ‘किचन बटरफ्लाय’ हा ब्लॉग सुरू केला, आणि तिचं जेवणाविषयीचं लिखाण हळूहळू इतिहासाविषयीचं झालं. कुठला पदार्थ गुलामांच्या जहाजातून कुठे गेला, तिकडे त्याचं काय झालं, कुठली मिरची कुठून आली. पश्चिम आफ्रिकेच्या आणि तिथून जगभर गेलेल्या माणसांच्या जेवणावरची जुनी पुस्तकं तिनं ‘फीस्ट आफ्रिक’ नावाच्या संग्रहात सगळ्यांना वाचायला खुली केली. तुमची पाककृती स्पर्धा अजिबात बंद करू नकोस. यंदा तिच्या पद्धतीचा जोलोफ भात, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला टोमॅटो घातलेला भात, हा विषय ठेव, आणि प्रत्येकीनं आपल्या पदार्थाच्या शेजारी चार ओळी लिहून ठेवाव्यात, की हा पदार्थ आपल्या घरात कुणाकडून आला.

घानाची नाना दार्कोआ सेकियामा आणि मलाका ग्रांट यांनी २००९ मध्ये आफ्रिकी बायकांच्या शरीरसुखाविषयी, लाज न बाळगता बोलणारा ब्लॉग सुरू केला. कितीतरी जणींनी त्यावर निनावी लिहून आपलं मन मोकळं केलं. हळदीकुंकवाला हे वाचायचं की नाही ते तू ठरव. माझं विचारशील तर निदान नाव तरी घे. नंतर दोघी-तिघी तुला बाजूला घेऊन लिंक मागतील. पुस्तकांची आवड असलेल्यांना आइनेही एदोरोचं ‘ब्रिटल पेपर’ सांग, २०१० पासून आफ्रिकेतल्या साहित्याची खबर देणारं. आणि या सगळ्यांच्या आधी, २००४ पासून लिहिणारी नायजेरियाची सोकारी एकीने. सुरुवात करणाऱ्यांची आठवण ठेवलेली बरी.

तुमच्या इमारतीतल्या बाईंना अवश्य बोलाव. पण कशासाठी बोलावतेस ते आधी स्वतःशी पक्कं कर. ‘एक केनियन बाईही आल्या होत्या’ असं अहवालात लिहिण्यासाठी असेल, तर नको. त्यांचं लिखाण वाच, निदान चार-पाच नोंदी. मग चहाला जा आणि विचार की यातलं अमुक मला आवडलं, तमुक कळलं नाही, तुम्हाला आमच्याकडे कशाविषयी बोलायला आवडेल? विषय त्यांना ठरवू दे. कदाचित त्या बायकांविषयी बोलणारच नाहीत, नैरोबीच्या मटाटूंविषयी, म्हणजे तिथल्या खासगी मिनीबसांविषयी, नाहीतर पाणीकपातीविषयी बोलतील. बोलू देत. वेळ आधी सांग आणि तेवढी खरंच दे. पाककृतीच्या निकालानंतर, लोक चपला शोधत असताना दहा मिनिटं, असं नको. मानधन दे, पाकिटात घालून, कार्यक्रमाच्या आधी. आपल्याकडे बोलणाऱ्या बाईला शाल-श्रीफळ देतात आणि येण्याजाण्याचा खर्च मात्र तिनंच करायचा असतो, ही सवय विमानातून बरोबर नेऊ नका. आणि कुंकू लावायच्या आधी विचार. बहुतेक त्या हो म्हणतील, पण विचार.

त्या अवघडतील का, म्हणतेस. मला वाटतं, अवघडणार आहेस ती तू. चार वर्षं एकाच जिन्यानं चढ-उतार करून तू त्यांच्या घरी अजून गेलेली नाहीस, असं तुझ्या पत्रावरून मला दिसलं. चुकत असेन तर कळव.

राहिलं तुझं स्वतःचं लिखाण. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण पत्रातलं सगळ्यात हळू आवाजातलं वाक्य तेच होतं.

बाई नाव घालून लिहिते तेव्हा ती काहीतरी पणाला लावते. इथिओपियात ‘झोन नाइन’ नावाचा ब्लॉगलेखकांचा गट होता. अदिस अबाबाच्या कालिती तुरुंगाचे आठ विभाग. बाहेरचा सगळा देश म्हणजे नववा विभाग, म्हणून हे नाव. २०१४ च्या एप्रिलमध्ये त्यातले सहा ब्लॉगलेखक आणि तीन पत्रकार पकडले गेले. त्यात महलेट फांताहुन होती, एदोम कासाये होती. चौदा महिन्यांनी, २०१५ च्या जुलैमध्ये त्या सुटल्या. टांझानियानं २०१८ मध्ये ब्लॉग चालवायला परवाना लावला, त्याचं शुल्क तेव्हा नऊशे डॉलरच्या वर होतं. तेवढे पैसे साध्या घरातली बाई कुठून आणणार? त्याच वर्षी युगांडानं समाजमाध्यमं वापरण्यावर दिवसाला दोनशे शिलिंग कर बसवला. आपल्याला तो किरकोळ वाटेल. पण रोज मोबाइलमध्ये थोडेथोडे पैसे भरून दिवस काढणाऱ्या बाईनं तेवढ्यापायी लिहिणं-वाचणं सोडलं असेल.

हे मी तुला लाजवायला सांगत नाही. ‘बघ, त्या तुरुंगात गेल्या आणि तू सासूला घाबरतेस’ असं मी कधीही म्हणणार नाही. सासरच्या माणसांची भीती खरी असते, ती चोवीस तास घरात असते. मी सांगते आहे ते एवढ्यासाठी की या सगळ्या बायकांनी नावाचा निर्णय आपापल्या परीनं घेतला. लीनानं पहिल्यापासून नाव घातलं. घादानं टोपणनावानं सुरुवात केली आणि पुस्तक निघेपर्यंत आपली घडी बसू दिली. घानाच्या त्या ब्लॉगवर कितीजणी निनावीच राहिल्या. यातली कोणतीच भित्री नव्हती. तू घादाच्या वाटेनं जा असं मला वाटतं. टोपणनाव घे, सहा महिने लिही. दोन गोष्टींची मात्र काळजी घे. टोपणनावाआडून कोणाचं उणंदुणं काढू नकोस. आणि घरात कामाला येणाऱ्या बाईची, शेजारणीची गोष्ट तिला न विचारता लिहू नकोस. आपण परक्या देशात राहतो तेव्हा तिथल्या माणसांच्या गमती लिहायचा मोह फार होतो. रोझबेलचं म्हणणं तेव्हा आठव.

नवऱ्याला आधी वाचायला दे. परवानगीसाठी नव्हे, त्याला बाहेरून कळू नये म्हणून. आणि भाषा सांगलीचीच ठेव. पत्र लिहिताना तू मला फार नेटकं लिहिलंस, पण एका ठिकाणी ‘लईच एकटं वाटतं’ असं तुझ्या हातून गेलं आणि तू ते खोडलंस. खोडलेलं मला वाचता आलं. तिथून सुरुवात कर.

आता टिकल्या. ओरीची गोष्ट सांगून झाली की तो केनियाचा नकाशा भिंतीवर लाव आणि हॉलमधल्या जुन्या लोकांना विचार, २००८ च्या जानेवारीत तुम्ही कुठे होता? त्या दिवसांत किसुमूमध्ये भारतीय वंशाच्या लोकांची दुकानंही लुटली गेली होती, जाळली गेली होती. नैरोबीतही कितीजण आठवडाभर दारं लावून बसले असतील, कोणी शेजाऱ्याला घरात घेतलं असेल, कोणाला शेजाऱ्यानं घेतलं असेल. ज्याला आठवतं त्यानं पुढे यावं, आपल्या जागेवर टिकली लावावी आणि दोन वाक्यं सांगावीत. नको वाटलं तर नुसती टिकली लावावी.

समितीतल्या त्या ज्येष्ठ बाई नैरोबीत किती वर्षं आहेत, हे तू लिहिलं नाहीस. तीसेक वर्षं असतील, तर पहिली टिकली त्यांच्या हाती दे. पण त्याआधी एखाद्या दुपारी त्यांच्याकडे एकटीच जा, आणि तो महिना कसा गेला ते विचार. जाऊन आलीस की मला कळव.